किनाऱ्यावरच्या वस्त्यांसाठी ब्रॉडबँड : रत्नागिरीतील प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२५

१० फेब्रुवारी २०२५

कामाची हद्द आज ठरली. रत्नागिरी शहरातील मिरकरवाडा आणि राजिवडा या दोन मच्छीमार वस्त्या, आणि काजळी नदीच्या मुखापलीकडचे भाट्ये, एवढ्याच भागात या टप्प्यात फायबर किंवा त्याच्या तोडीची जोडणी न्यायची आहे. मारुती मंदिर, साळवी स्टॉप, नाचणे या बाजूच्या इमारतींत एकाच जिन्यात दोन-तीन कंपन्यांच्या तारा लोंबत असतात. बंदराकडच्या गल्ल्यांत मात्र मोबाइलच्या दिवसागणिक मिळणाऱ्या डेटावरच घरातल्या सगळ्यांना भागवावे लागते. शहरापर्यंत मोठी फायबर लाइन कधीच येऊन पोहोचली आहे. काम अडते ते शेवटच्या दोनशे-तीनशे मीटरमध्ये, कारण तिथे खांब रोवायला जागा नाही, गल्लीतून दोन माणसे शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत आणि तार नेलीच तर दर महिन्याला बिल वसूल होणार नाही, असा पुरवठादारांचा पक्का समज आहे.

भारतनेटचा आधार इथे मिळत नाही. २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे या नावाने मंजूर झालेली ही योजना ग्रामपंचायतींसाठी आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेला १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रमही गावांसाठीच आहे. भाट्ये ग्रामपंचायत असल्यामुळे ते त्यात बसते, मिरकरवाडा बसत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत राहणारा गरीब हा योजनेच्या हिशेबात शहरवालाच धरला जातो.

जानेवारी २०२३ पासून देशात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग लागतो. त्याआधी ५१२ केबीपीएसवरच भागत असे. आम्ही प्रत्येक घराला गर्दीच्या वेळीही ३० एमबीपीएस मिळावेत असे उद्दिष्ट लिहून घेतले आहे.

२४ फेब्रुवारी २०२५

दोन्ही वस्त्यांत घरोघरी बोलणी चालू आहेत. इंटरनेट कशाला हवे, हा प्रश्न विचारण्याची गरजच पडत नाही. शिधापत्रिकेचे ई-केवायसी, नौकेच्या नोंदणीचे कागद, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेकडून येणारी संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती, हे सारे लोक आपणहून सांगतात. प्रश्न पैशांचा निघतो, पण तो आम्ही गृहीत धरला होता त्या रूपात नाही. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी आम्हाला सरळ सांगितले की हंगामात महिन्याचे बिल त्या डोळे झाकून भरतील, पण होड्या किनाऱ्यावर ओढल्यावर जून-जुलैत त्यांच्या हातात रोकड येत नाही, आणि तेव्हा लाइन कापली गेली तर पुन्हा जोडणीचे पैसे कोण भरणार. हेच म्हणणे शब्द बदलून अनेक घरांत ऐकू आले. यापूर्वी ज्यांनी जोडणी घेतली होती, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची ती पावसाळ्यातच तुटली आणि पुढे तशीच राहिली.

म्हणजे दर परवडतो की नाही यापेक्षा तो केव्हा मागितला जातो, हे इथे निर्णायक ठरते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. महिन्याच्या पगारावर बेतलेली वसुलीची पद्धत या दोन महिन्यांत मोडणारच.

१२ मार्च २०२५

उद्यापासून शिमगा असल्याने पालख्या घरी येऊन जाईपर्यंत गल्ल्यांत काम होणार नाही. तोवर आराखडा पुरा केला.

मुख्य यंत्र, म्हणजे ओएलटी, शहराच्या मध्यभागी ठेवायचे आणि तिथून जीपॉन पद्धतीने, म्हणजे एकाच तारेतला प्रकाश अनेक घरांत विभागून, वाटत न्यायचा. ओएलटीच्या एका पोर्टची, म्हणजे तार निघते त्या एका तोंडाची, घरांकडे येणारी क्षमता सेकंदाला २.४८८ गिगाबिट आहे; ती ३२ घरांत वाटली तर सगळे एकाच क्षणी ओढू लागले तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ एमबीपीएस येतात, तेव्हा ३० चे उद्दिष्ट सहज गाठता येते. ६४ घरांत वाटण्याचा सल्ला पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने दिला होता, कारण त्यात पोर्टांचा खर्च निम्मा होतो. तो आम्ही मानला नाही, आणि त्याचे कारण वेगापेक्षा प्रकाशाच्या हिशेबात आहे.

हिशेब असा. आम्ही घेतलेल्या बी-प्लस दर्जाच्या यंत्रणेत दोन टोकांमध्ये प्रकाशाची २८ डेसिबलपर्यंत तूट चालते. मार्ग वळणावळणाचा धरून ४ किलोमीटर फायबरचे १.४, वस्तीच्या तोंडाशी बसणाऱ्या एकास चार स्प्लिटरचे (एका तारेतला प्रकाश चार तारांत वाटणारा भाग) ७.३, गल्लीतल्या एकास आठ स्प्लिटरचे १०.५, आठ सांध्यांचे मिळून ०.८ आणि चार कनेक्टरांचे २, अशी एकूण तूट २२ डेसिबल होते. हातात ६ उरतात. कागदावर ही चैन वाटते, पण किनाऱ्यावर ती चैन नाही: खारी हवा आणि दमट पावसाळा यांमुळे कनेक्टरच्या तोंडावर थर बसतो, घाईत केलेल्या दुरुस्तीत सांधे वाढतात, आणि घरात तार कोपऱ्यावर करकचून वाकवली जाते. ६४ घरांच्या वाटणीत आणखी तीन-साडेतीन डेसिबल जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात काही घरे काठावर येतात.

७ एप्रिल २०२५

तारेचा मार्ग ठरवताना जांभ्याशी गाठ पडली. जांभा दिसायला सच्छिद्र असला तरी वरचा थर उन्हाने टणक होतो, आणि चर खणायला शहराच्या इतर भागांपेक्षा दुप्पट वेळ जातो. म्हणून खोदाई फक्त मुख्य रस्ते ओलांडण्यापुरती ठेवली. वस्तीच्या आत तार गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, पायथ्याने पाइपातून, आणि जिथे गडगा नाही तिथे घरांच्या वळचणीखालून जाईल. गडगा दोन घरांचा सामायिक असला की दोघांचीही संमती लागते. त्यातल्या एका घरचे लोक मुंबईला असले की फोनवर परवानगी घ्यावी लागते, आणि भावकीचा जुना तंटा असेल तर पाइप वळसा घालून न्यावा लागतो. यापुढे कोणी खर्चाचा अंदाज काढला तर या वळशांची लांबी वेगळी धरावी.

माडाला तार बांधण्याची इथली केबलवाल्यांची जुनी रीत आम्ही टाळली आहे. वाळलेली झावळी पडली तरी तार तुटते, आणि माड वाऱ्यात इतका डोलतो की ताण सतत बदलत राहतो.

मार्गाच्या परवानगीसाठी १ जानेवारीपासून नवे दूरसंचार मार्गाधिकार नियम लागू झाले आहेत आणि अर्ज पोर्टलवरून जातो. शहरातल्या रस्त्यांची परवानगी आली. भाट्येला जाण्यासाठी खाडीवरच्या पुलाला तार लावण्याचा अर्ज दुसऱ्या एका खात्याकडे आहे, तो अद्याप प्रलंबित आहे.

३० एप्रिल २०२५

मिरकरवाड्यात तार टाकायला सुरुवात झाली. मासळी उतरवण्याच्या जागेलगत उंदरांचा सुळसुळाट असतो, हे लक्षात घेऊन त्या पट्ट्यात काचतंतूंचे वेष्टन असलेली तार वापरली आहे. पोलादी वेष्टनाची तार स्वस्त पडली असती, पण खाऱ्या हवेत ती गंजते आणि वळवाच्या विजांमध्ये तिला जागोजागी भूसंपर्क (अर्थिंग) द्यावा लागतो. कोरड्या जांभ्यात चांगला भूसंपर्क मिळवणे हे एक स्वतंत्र काम आहे. ज्या तारेत धातूच नाही तिला वीज चाटून जात नाही. पेट्यांचे स्क्रू आणि पट्ट्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस पोलादाच्या घेतल्या.

१४ मे २०२५

काल दहावीचा निकाल लागला. या वर्षीपासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होणार आहेत, म्हणजे मिरकरवाड्यातल्या मुलीलाही घरून किंवा सायबर कॅफेतून अर्ज भरून पसंतीक्रम द्यावा लागेल, फेऱ्यांच्या याद्या पाहाव्या लागतील आणि ठरल्या मुदतीत जागा निश्चित करावी लागेल. बारावीनंतरच्या अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्रवेशफेऱ्याही जून-जुलैतच येतात. ज्या दोन महिन्यांत किनाऱ्यावर रोकड नसते, नेमक्या त्याच दोन महिन्यांत तिथल्या मुलांना खात्रीच्या जोडणीची गरज सर्वांत जास्त असते. फेब्रुवारीत ऐकलेल्या तक्रारीला आज ही दुसरी बाजू मिळाली. बंदीच्या काळात लाइन न कापण्याची अट पुरवठादाराशी होणाऱ्या करारात असलीच पाहिजे, ती आमच्या बाजूने मागितलेली सवलत म्हणून नव्हे तर कराराचा पाया म्हणून, असे आजच्या टिपणात नोंदवले आहे.

२६ मे २०२५

पाऊस आला. खोदाई आणि उघड्यावरचे सांधेकाम ३१ मेपर्यंत संपवायचे असे वेळापत्रक होते, आणि साधारण वर्षी ते पुरले असते, कारण कोकणात मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर स्थिरावतो. यंदा अरबी समुद्रात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन २४ तारखेला रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून गेला, आणि हवामान खात्याने काल, २५ तारखेला, राज्यात मोसमी पाऊस दाखल झाल्याचे जाहीर केले. राजिवड्यातले दोन रस्ते ओलांडायचे राहिले आहेत. चर अर्धे खणलेले होते, ते आजच बुजवून घेतले; उघडे ठेवले असते तर पऱ्याचे (ओढ्याचे) पाणी थेट त्यांतून वाहिले असते.

राजिवड्याला तात्पुरती तार वरून, दोन उंच इमारतींच्या गच्च्यांदरम्यान ताणून देण्याचे ठरले. ही व्यवस्था देखणी नाही, पण प्रवेशांच्या काळात चालू राहील.

४ जून २०२५

मासेमारीबंदी सुरू झाली आहे आणि माणसे घरी सापडतात, त्यामुळे बैठकांना याच्याइतका चांगला काळ नाही. आज पुरवठादार, बचत गटाच्या ताई आणि आम्ही असे बिलाच्या पद्धतीवर बसलो.

प्रस्ताव साधा आहे: वर्षाचे शुल्क दहा हप्त्यांत, ऑगस्ट ते मे, आणि जून-जुलैत हप्ता नाही. मासिक दर एक धरला तर प्रत्येक हप्ता १.२ होतो, दहा महिन्यांत जास्तीचे दोन जमतात आणि तेच बंदीचे दोन महिने भागवतात. पुरवठादाराची अडचण खरी आहे, कारण त्याला वरच्या कंपनीला बँडविड्थचे पैसे बाराही महिने मोजावे लागतात. त्याहून अवघड प्रश्न मध्येच जोडणी घेणाऱ्यांचा आहे. मार्चमध्ये आलेल्या घराने मे अखेर ३.६ भरलेले असतात, वापरलेले ३ असतात, आणि बंदीसाठी शिल्लक फक्त ०.६ राहते, तूट १.४ ची. ही तूट प्रकल्पाच्या निधीतून उचलायची आणि पुढच्या हंगामात त्या घराकडून चार भागांत परत घ्यायची, यावर अखेर एकमत झाले. याला हमी कोणाची, या प्रश्नावर बचत गटाने आपणहून पुढाकार घेतला. वस्तीत कोणाची होडी कधी लागली आणि कोणाच्या घरी पैसा आला, हे त्यांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही बिलिंग सॉफ्टवेअरला कळणार नाही.

पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला वेढणारी मोठी जाळी वापरणाऱ्या, नौकांवर काम करणाऱ्यांचे गणित आणखी वेगळे आहे. राज्याच्या २०१६ च्या आदेशाने या जाळ्यांना सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला आहे. त्या घरांनी चार मोठे हप्ते मागितले. दिले.

२० जून २०२५

पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेच्या बाजूने चांगली बातमी आहे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत कोणताही दुकानदार किंवा गट परवान्याशिवाय आणि नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय विकू शकतो. पण प्रत्यक्षात अशा केंद्रांना साध्या घरगुती जोडणीऐवजी महागडी लीज लाइन (फक्त एका ग्राहकासाठी राखीव जोडणी) घ्यायला लावले जाई आणि सगळा धंदा तिथेच बसत असे. १६ जूनच्या आदेशाने ट्राय या दूरसंचार नियामकाने आता बंधन घातले आहे: २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना या केंद्रांनाही द्याव्या लागतील, आणि त्यांचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये.

बचत गटाचे केंद्र जाळी दुरुस्त करण्याच्या शेडजवळ उभे करायचे ठरले. तिथले मुख्य गिऱ्हाईक नौकांवरचे नेपाळी खलाशी असतील, ज्यांना घर नाही म्हणून घरजोडणीही नाही, आणि जे रात्री गावाकडे बोलण्यासाठी तासाभराचा डेटा विकत घेतात. मात्र बंदीत हे खलाशीही गावी गेलेले असतात. केंद्राची कमाईही हंगामीच राहणार, तेव्हा त्याच्याही शुल्काला दहा हप्त्यांचा नियम लावला आहे.

७ जुलै २०२५

पुलाची परवानगी न आल्याने भाट्येला सध्या खाडीवरून बिनतारी जोडणी दिली आहे. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग २०१८ पासून परवानामुक्त असल्याने त्यात कागदपत्रांची अडचण नव्हती. अंतर सुमारे १.२ किलोमीटर, समोरासमोर दृष्टी स्वच्छ, तरीही दिवसातून काही वेळा वेग एकदम कोसळत होता.

सगळ्यांनी पावसाला दोष दिला. गणित तसे सांगत नाही, कारण ५.८ गिगाहर्ट्झला मुसळधार पावसातही एवढ्या अंतरावर अर्ध्या डेसिबलच्या आसपासच तूट येते. राजिवड्याच्याच आमच्या एका तरुण सहकाऱ्याने नोंदींचा आलेख समोर ठेवल्यावर दिसले की वेग कोसळण्याची वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते. भरतीची वेळही तशीच सरकते. मग भरती-ओहोटीचे कोष्टक आलेखाशेजारी ठेवले आणि शंका उरली नाही.

कारण असे की लहरी दोन वाटांनी पोहोचतात, एक सरळ आणि एक खाडीच्या पाण्यावरून परावर्तित होऊन. ओहोटीच्या पाण्यापासून अँटेनांची उंची १५ आणि १० मीटर आहे. तेव्हा दोन वाटांच्या लांबीत २५ सेंटीमीटरचा फरक पडतो. पाणी दोन मीटर चढले की हाच फरक सुमारे १७ सेंटीमीटर होतो. या लहरींची लांबी ५.२ सेंटीमीटर असल्याने एका भरतीत फरक दीड लांबीने बदलतो, आणि त्या ओघात असे क्षण येतातच की दोन्ही लहरी एकमेकींना खोडून काढतात. यावर शक्ती वाढवून उपयोग नाही, परावर्तित लहरही तेवढीच वाढते.

उपाय म्हणून भाट्येच्या टोकाला पहिल्या अँटेनाच्या खाली १.१ मीटरवर दुसरा अँटेना लावला. एवढ्या अंतराने दोन वाटांतला फरक अर्ध्या लहरीने बदलतो, म्हणून एका अँटेनाचा संकेत तळाला असताना दुसऱ्याचा शिखरावर असतो आणि यंत्र चांगला संकेत निवडते. खाडी ओलांडणारी बिनतारी जोडणी ज्यांना करायची आहे त्यांनी मोजमाप निदान एका पूर्ण भरती-ओहोटीत घ्यावे. दुपारी तासभर घेतलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही.

११ ऑगस्ट २०२५

नारळी पौर्णिमा झाली, नारळ अर्पण करून नौका बाहेर पडल्या. जून-जुलैत एकही लाइन बिलासाठी कापली गेली नाही. पहिला हप्ता आता सुरू होतो. वीज जाण्याचे प्रमाण मात्र आम्हाला फार छळून गेले: ओएलटीला बॅटरी आहे, पण घरातले यंत्र बंद पडले की मुलाच्या दृष्टीने इंटरनेटच गेलेले असते. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा बॅटरी बॅकअप जोडणीच्या संचातच द्यावा, असे ठरले. त्याने खर्च वाढतो, आणि तो वाढू द्यावा असे माझे मत आहे.

४ सप्टेंबर २०२५

गौरी-गणपतीला चाकरमानी आले आणि प्रत्येक घरात फोनांची संख्या दुप्पट-तिप्पट झाली. आरतीचे थेट व्हिडिओ मुंबईला आणि आखातात जात होते, त्यामुळे ताण डाउनलोडपेक्षा अपलोडवर आला. जीपॉनमध्ये वर जाणारी क्षमता पोर्टमागे १.२४४ गिगाबिट, म्हणजे खाली येणाऱ्या क्षमतेच्या निम्मी असते. ३२ घरांची वाटणी इथे उपयोगी पडली. भाट्येची बिनतारी जोडणी संध्याकाळी पुरी भरली होती. ती कायमची व्यवस्था होऊ शकत नाही, हे आता आकड्यांत दाखवता येईल, आणि पुलाच्या अर्जाला हीच नोंद जोडली आहे.

१३ ऑक्टोबर २०२५

पाऊस ओसरल्यावर राजिवड्यातले दोन रस्ते ओलांडून तार जमिनीखाली गेली आणि गच्च्यांमधली तात्पुरती तार काढली. तारेत कुठे किती प्रकाश गळतो ते दाखवणाऱ्या ओटीडीआर यंत्राने सर्व मार्ग मोजले. बहुतेक घरांत प्रकाशाची पातळी हिशेबाजवळ आहे. बंदरालगतच्या एका गल्लीत मात्र तूट अडीच डेसिबलने वाढलेली आढळली. पेटीचे रबर कडक होऊन आत दमटपणा शिरला होता. त्या पट्ट्यातल्या सगळ्या पेट्या बदलायच्या आहेत, आणि यापुढे एप्रिलमध्ये व ऑक्टोबरमध्ये अशी वर्षातून दोनदा तपासणी ठरवली आहे.

हप्ते वेळेवर येत आहेत, पण हा हंगामाचा भरात असलेला काळ आहे, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढू नये असे पुरवठादाराला लेखी कळवले. हप्त्यांच्या पद्धतीची कसोटी जून २०२६ मध्ये लागेल, जेव्हा जानेवारीनंतर जोडलेल्या घरांची तूट प्रत्यक्ष निधीतून द्यावी लागेल. तो निधी वेगळ्या खात्यात ठेवण्यासाठी बचत गटाच्या नावाने बँकेत अर्ज दिला आहे. सह्या तिघींच्या, त्यांतल्या कोणत्याही दोघींच्या सहीने पैसे निघतील. पुलाचा अर्ज अजून तिथेच आहे.